माझा रिपोर्ट माझ्या आधी वाडीत पोचला

सुरंगी
रविवार, रात्री ९.४०
[संपादन: खाली आलेल्या सूचनेवरून गाव, वय आणि घरच्यांचे तपशील काढले आहेत.]

नमस्कार. इथे दोन वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

गणपतीच्या आधी मला छातीत गाठ लागली. घरचे कामावर बाहेर होते, म्हणून चुलत दीर रिक्षाने तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला. मी पिशवीतून चष्मा काढेपर्यंत दिरांनी स्वतःचा सांगून टाकला. पैसेही त्यांनीच भरले. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मी पडवीत अळूची देठं सोलत बसले होते. शेजारची काकू आली आणि माझा हात धरून रडायलाच लागली. मला वाटलं कोणीतरी गेलं. म्हटलं, काकू, कोण? तर ती म्हणाली, "बाय माझे, तुझंच ऐकलं गो." माझ्या रिपोर्टात काय आलंय ते मला असं कळलं. "संशयास्पद पेशी, बायोप्सी करावी" हे शब्द मी स्वतः वाचले ते त्यानंतर तासाभराने.

झालं होतं असं, की लॅबने पीडीएफ दिरांना पाठवली. त्यांनी ती भावकीच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, "वहिनींसाठी सगळ्यांनी देवाला गाऱ्हाणं घाला." ग्रुपवर ६३ माणसं. निम्मी मुंबईत. संध्याकाळपर्यंत विरार-नालासोपाऱ्याहून फोन. कोणी पपईच्या पानांचा रस सांगतंय, कोणी विचारतंय "दोन्ही बाजूंना आहे का?" माझ्या शरीराबद्दल, पुरुष माणसं.

दीर वाईट माणूस नाही. बायोप्सीला मोठ्या रुग्णालयात तेच आले, दोन दिवस व्हरांड्यात झोपले. त्यांच्यावर रागावता येत नाही आणि राग जातही नाही.

बायोप्सीत गाठ साधी निघाली. तेही ग्रुपवर टाकलं. ते मात्र कोणी पुढे पाठवलं नाही. माझ्या मुलीचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मध्यस्थ परवा येऊन म्हणाले, मंडळींनी आईचं काहीतरी ऐकलंय, थोडं थांबू.

मला कोणाला शिक्षा करायची नाही. पण लॅबला मी काही विचारू शकते का? की नंबर आमच्याच माणसाने दिला म्हणजे विषय संपला?


चाकरमानी_परळ
रविवार, रात्री १०.१५

सुरंगीताई, वाचून पोटात कालवलं. मी तुमच्या ग्रुपवर नाही, पण असल्या तीन ग्रुपवर आहे आणि असे रिपोर्ट मीही पुढे पाठवलेत. "रक्ताची गरज आहे", "ओळखीचा डॉक्टर असेल तर सांगा" म्हणून. पाठवताना एकदाही त्या माणसाला विचारलं नव्हतं.

मे २०२० आठवतो. ई-पास काढून आम्ही गावी आलो. हातावर शिक्का होता, चौदा दिवस शाळेत राहायचं होतं, ते सगळं मान्य होतं. रोगच तसा होता. पण माझी तपासणी पॉझिटिव्ह आली त्या दिवशी नाव, वाडी, मुंबईतला पत्ता, बरोबर कोण कोण आलं, सगळी यादी फोटो काढून तालुकाभर फिरली. ती यादी आरोग्य खात्याला हवी होती, ग्रामपंचायतीला हवी होती. पाच तालुके पलीकडच्या लोकांना कशाला हवी होती? म्हाताऱ्या बापाला विहिरीवर येऊ नका म्हणून सांगितलं गेलं, आणि तेही मी निगेटिव्ह होऊन महिना झाल्यावर.

बाबा अजून त्या विहिरीवर जात नाहीत. नळ आलाय आता, पण नळ नव्हता तेव्हाही गेले नाहीत.


सातबारा
सोमवार, सकाळी ७.५०

मी वकिली करतो, दिवाणी बाजूची, तरी यातलं जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं लिहितो.

आधी एक विनंती. ताई, तुमच्या पोस्टमध्ये वय, तालुका, वाडीचं अंतर आणि यजमानांचा धंदा आहे. आपल्याकडे एवढ्यावरून घर सापडतं. आधी ते काढा, मग पुढचं वाचा.

नंबर तुमच्या माणसाने दिला म्हणून लॅबची जबाबदारी संपत नाही. पेशंट तुम्ही होतात आणि काउंटरवर समोर उभ्या होतात. रिपोर्ट कोणाला पाठवायचा हे तुम्हाला विचारायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं, की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. म्हणजे त्या कागदामागे एक डॉक्टर आहे, आणि डॉक्टरला २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम लागू आहेत. व्यवसायात कळलेली पेशंटची गुपितं उघड करायची नाहीत हे त्यात स्पष्ट लिहिलंय. अपवाद तीन: न्यायाधीशाचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. भावकीचा ग्रुप यातल्या कशातच बसत नाही. तक्रार करायची तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

दुसरं, २०११ पासून माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांत शारीरिक-मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील वैयक्तिक माहिती म्हटलंय. त्याच्या जागी आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येतोय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. अर्थात ती कमाल झाली, तालुक्याच्या लॅबला कोणी २५० कोटी लावणार नाही.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. तुमचे दीर या कायद्याच्या बाहेर आहेत. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो कायदा तिथे पोचतच नाही. सगळ्यात जास्त इजा जिथे झाली तिथे कायद्याचा हात नाही. म्हणून लॅबच्या दारातच अडवायला हवं. घरात आल्यावर कोणी अडवू शकत नाही.


सुरंगी
सोमवार, दुपारी १.१०

तपशील काढले. लिहिताना लक्षातच आलं नाही. मी स्वतःच ते पुन्हा करत होते.


सूक्ष्मदर्शक
सोमवार, दुपारी ३.३०

तीस वर्षं लॅब टेक्निशियन होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे ताईंना नेमकं काय मागायचं ते कळेल.

नोंदवहीत रकाने ठरलेले: नाव, वय, पाठवणारे डॉक्टर, तपासणी, पैसे, मोबाईल. मोबाईलचा रकाना आला तो बिलासाठी. जो पैसे देतो त्याचा नंबर लिहायची सवय तिथूनच पडली. नंतर रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागले आणि तोच रकाना वापरात राहिला. कोणी बसून ठरवलं नाही की रिपोर्ट पैसे देणाऱ्याला जावा. रकाना बदलला नाही, एवढंच.

तालुक्यातल्या बऱ्याच लॅब म्हणजे नमुने गोळा करायची केंद्रं. पेशी-बायोप्सीच्या काचा कोल्हापूरला किंवा मुंबईला जातात, तिथून पीडीएफ येते. ती एका संगणकावर उतरते, त्याच संगणकावर लॅबचं व्हॉट्सअ‍ॅप दिवसभर उघडं असतं. संगणकावर सकाळी एक मुलगी, दुपारी दुसरी, तिला सुट्टी असेल तर मालकाचा भाचा. एका वर्षाचे सगळ्या गावाचे रिपोर्ट त्या एका चॅटमध्ये. शोधात नाव टाका, येतं.

त्याआधी छापील रिपोर्ट होते तेव्हा तरी काय? काउंटरवर ट्रे. या, चाळा, तुमचा घ्या. चाळताना शेजाऱ्याची साखर किती, कोणाची गरोदरपणाची तपासणी, सगळं दिसायचं. मी स्वतः वीस वर्षं तो ट्रे भरला. एकदा एक बाई माझ्यासमोर दुसऱ्याच बाईचा रिपोर्ट वाचत होती आणि मी म्हटलं, "तुमचा खाली असेल." एवढंच म्हटलं.

ताई, त्यांच्याकडे तीन गोष्टी लेखी मागा. पेशंटचा स्वतःचा नंबर वेगळ्या रकान्यात. दुसऱ्या कोणाला पाठवायचा असेल तर पेशंटची सही. आणि पीडीएफला पासवर्ड. याला पैसे पडत नाहीत. शिवाय पेशींच्या तपासणीत काही संशयास्पद आलं तर आधी डॉक्टरांना फोन, मग डॉक्टर पेशंटला समोर बसवून सांगतील. चांगल्या लॅब हे करतात.


रापण
सोमवार, रात्री ८.०५

मी थोडा वायला बोलतंय, राग मानू नकात.

माझो धाकटो भाव बोटीर जाय. तेका फिटी येयत. आवशीन कोणाक सांगूक दिल्यान नाय, लगीन जमाचा नाय म्हणान. गोळये तो लपान खाय. एक दिवस पाण्यात असताना तेका फिट इली. तांडेलाक, म्हणजे बोटीच्या म्होरक्याक, म्हायत नाय, खलाश्याक म्हायत नाय. पडलो. दुसऱ्या दिवशी गावलो.

म्हणून सांगतंय, गावात माणूस माणसाक धरून रवता. कोणाक काय आजार आसा ता म्हायत असला तर रात्री दोन वाजता गाडी काढूक चार जण येतत. सगळा झाकून ठेवलात तर उद्या कोण कोणाच्या दारात येतलो?


उपकेंद्र_ताई
सोमवार, रात्री १०.५०

रापणकाका, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही.

मी आशा कार्यकर्ती आहे, घरोघरी आरोग्याचं काम करते. माझ्याकडे चार वाड्या. तुम्ही म्हणता ते खरं आहे, रात्री गाडी काढणारी माणसं मीच कितीदा उठवली आहेत. पण तुमच्या आईने लपवलं ते का लपवलं? कळलं की लग्न मोडतं हे तिने पाहिलं होतं म्हणून. आज सुरंगीताईंच्या मुलीचं तेच झालंय. लोक आजार सांगत नाहीत, कारण सांगितला की तो आपल्या ताब्यात राहत नाही. तुमच्या भावाला तांडेलला एकट्याला सांगता आलं असतं आणि ते तांडेलपाशीच राहिलं असतं, तर ते कदाचित सांगून मोकळे झाले असते.

आमचं कामच असं आहे की आमच्या पावलांनी बातमी होते. आशा एका घरी आठवड्यात दोनदा गेली की ते घर चर्चेत. म्हणून मी क्षयरोगाच्या पेशंटकडे कधी एकट्याच्या घरी जात नाही. त्या आळीतली पाच घरं घेते. कुठे बाळाचं वजन, कुठे क्लोरीनची बाटली, भातलावणीच्या दिवसात लेप्टो तापाच्या गोळ्या. त्यात ते एक घर. गोळ्यांचं पाकीट नेहमीच्या पिशवीत, वर लसीकरणाचं कार्ड. सुपरवायझर म्हणतात वेळ जातो. जातो.

क्षयरोग कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, खाजगी डॉक्टरांनाही. नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर होते. त्याला माझा विरोध नाही, ती नोंद झाली म्हणून औषध वेळेवर येतं आणि पोषणाचे पैसे खात्यावर पडतात, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. कळवायचं ते आरोग्य यंत्रणेला, गावाला नव्हे. पण पैसे काढायला माणूस गेला की काउंटरवर विचारतात, "हे कसले रे दर महिन्याचे?" आणि तो मान खाली घालतो.

सगळ्यात जीव जातो तो फोटोच्या वेळी. निक्षय मित्र, म्हणजे क्षयरोगाच्या पेशंटांना स्वेच्छेने मदत करणारी माणसं-संस्था, पोषणाची टोपली देतात, खूप चांगलं काम आहे, माझ्या पेशंटांना त्याने खरंच ताकद आली. त्यासाठी पेशंटची संमती घेतात. पण ती संमती मदत घ्यायची असते, बॅनरसमोर उभं राहून फोटो काढायची नसते. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात मी फोटोला नको म्हटलं. टोपली मी घरी पोचवते म्हटलं. माझ्यावर वरून खूप बोलणं आलं. टोपल्या मी पोचवल्या, सगळ्या, सायकलवरून.

एचआयव्हीच्या पेशंटांबद्दल एवढंच लिहिते की जवळचं केंद्र सोडून लोक लांबच्या केंद्रात औषधाला जातात, कारण जवळच्या बाकावर ओळखीचा चेहरा असतो. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं ते यासाठी घालवतात. २०१७ चा कायदा आहे, न्यायालयाचा आदेश सोडला तर कोणावर आपली स्थिती उघड करायची सक्ती करता येत नाही. पण बाकावर शेजारी कोण बसणार हे कुठला कायदा ठरवणार?


धोपावे_पलीकडे
मंगळवार, सकाळी ६.३०

गेली सव्वीस वर्षं खाडीकाठी दवाखाना चालवतो. या धाग्यावर पेशंटचं एकही उदाहरण देणार नाही, नाव न घेताही नाही. आपली गावं लहान आहेत. वय, आजार आणि साल सांगितलं की नाव आपोआप लागतं. डॉक्टर मंडळींच्या परिषदेत "चाळीस वर्षांची स्त्री, मच्छीमार कुटुंब" असं सहज दाखवतात. मुंबईत त्याने कोणी ओळखू येत नाही. आमच्याकडे सभागृहातला शिपाईसुद्धा ओळखेल.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोज पलीकडची माणसं माझ्याकडे येतात आणि इकडची पलीकडे जातात. दोन्हीकडे डॉक्टर आहेत. सुरुवातीला मला वाटायचं, माझा हात गुण देतो. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की लोक गुणासाठी येत नाहीत, अनोळखी बाकासाठी येतात. उपकेंद्राच्या ताई म्हणाल्या तेच.

माझ्या दवाखान्यात तपासणीची खोली आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये प्लायवूड होतं. सगळं ऐकू जायचं. बाहेरची माणसं आतल्या माणसाचं ऐकून उगाच खोकायची, म्हणजे आतल्याला कळावं की ऐकू येतंय. त्यांचा चांगुलपणा तो. मी काय केलं तर २०११ साली कर्ज काढून चिऱ्याची भिंत घातली आणि बाक अंगणात, पत्र्याखाली नेला. पावसात लोक थोडे भिजतात, कुरकुरतात. पण भिंत झाल्यावर पहिल्या महिन्यात बायकांनी मला जे त्रास सांगितले ते आधीच्या दहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. दहा वर्षं मी अर्धवट माहितीवर औषध देत होतो. रापणकाका, गुप्तता पाळली की माणूस बोलतो, आणि बोलला की वाचतो. मी तरी हे असंच पाहिलंय.

लोक मला शिमग्याच्या पालखीपुढे, लग्नाच्या पंगतीत विचारतात, "त्याचं काय हो निघालं?" प्रेमाने विचारतात. मी म्हणतो, "त्यालाच भेटून या, त्याला बरं वाटेल." आता लोकांना सवय झाली. कंपाउंडरला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: घरी बायकोने विचारलं तरी आज कोण आलं होतं ते सांगायचं नाही. आजार तर दूरच, नावही नाही. हे काही परदेशातून आलेलं नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जी बंधनं घातली आहेत त्यात रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नकोस, हे आहेच.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती माहीत नसल्याने माणसं जिवाला मुकतात. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील उघड करणं हा २०२१ च्या दुरुस्तीपासून शिक्षेचा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संमतीचा कागद सीलबंद पाकिटात ठेवायचा असतो, नोंदवही गोपनीय असते. आणि मुलगी अल्पवयीन असेल, तिने आणि पालकांनी तशी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. नाव फुटेल या भीतीने चोरून कुठल्या तरी गोळ्या आणून घेऊ नका. परवानगी असलेल्या केंद्रात या.

मानसिक आजाराचंही तसंच. रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, आणि आपल्याकडे "याला रत्नागिरीला पाठवा" हे भांडणात म्हणतात. त्या एका वाक्यामुळे किती जण उपचाराविना राहिले असतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क स्वतंत्र कलमात दिलाय. नातेवाइकांनी तो वाचावा.


आठवडा_बाजार
मंगळवार, सकाळी ११.२०

डॉक्टरसाहेबांना नमस्कार. माझी गोष्ट छोटी आहे.

दोन वर्षांपूर्वी बाजारात सुके बांगडे घेतले. बाईने कागदात बांधून दिले. घरी येऊन सोडले तर कागद केसपेपरचा. वर नाव, गाव, खाली तपासण्या, एक शब्द असा होता की तो मी इथे लिहीत नाही. त्या घरात आमचं येणं-जाणं आहे. दवाखान्याच्या रद्दीत गठ्ठाच्या गठ्ठा गेला असणार. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईकडे गेलो आणि उरलेला गठ्ठा मागितला. तिला वाटलं मला रद्दी हवीय. मी किलोने विकत घेतला, चौदा किलो, आणि घरी चुलीत घातला. न वाचता घातला.

त्या घरी अजून जातो. ते चहा देतात. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. मला ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.


सातबारा
मंगळवार, दुपारी १२.००

तुम्ही केलंत ते फार थोडे करतात.

कायद्याने एवढं सांगता येईल: दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, असं २००२ चे नियम म्हणतात. पण तीन वर्षं झाली म्हणजे रद्दीवाल्याला द्या असा त्याचा अर्थ नाही. फाडून किंवा जाळून नष्ट करायच्या. दवाखान्यांत रद्दी विकण्याचं काम सहसा सफाई करणाऱ्या मावशींकडे असतं, आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना दोष देऊ नये.


कणकवलीचा_कोडर
मंगळवार, रात्री ९.१५

सगळे कागदाबद्दल बोलतायत म्हणून दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढचे कित्येक दिवस देशातल्या एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर हाताने लिहावे लागले. तिथे तज्ज्ञांची फौज आहे. आपल्याकडे काय आहे? झेरॉक्सचं दुकान.

मी आमच्या इथल्या दुकानातल्या संगणकाचं डाउनलोडचं फोल्डर उघडून पाहिलं, मालकाला सांगूनच. चार महिन्यांचे आधार, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, आयुष्मान कार्डं, सगळं तिथेच. प्रिंट काढायला प्रत्येकाने फाइल पाठवली आणि निघून गेला. मालकाच्या मनात काही वाईट नाही. मी एक छोटी फाइल लिहून दिली, रोज रात्री दुकान बंद करताना फोल्डर आपोआप रिकामं होतं. आतापर्यंत तीन दुकानांत बसवली. कोणाला हवी असेल तर इथे टाकतो.

आणि आभा, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं. चौदा आकडी क्रमांक, २०२१ मध्ये देशभर सुरू झाला. तो काढणं ऐच्छिक आहे, नाही म्हटलं तरी उपचार नाकारता येत नाही. त्याची रचना मला आवडते: एका दवाखान्याला दुसरीकडचा रिपोर्ट हवा असेल तर तुमच्याकडे विनंती येते, कुठले रिपोर्ट आणि किती दिवसांसाठी ते तुम्ही ठरवता, नंतर संमती काढूनही घेऊ शकता. सुरंगीताईंच्या बाबतीत नेमकं हेच हवं होतं. पण आपल्याकडे होतं काय, की काउंटरवरचा मुलगा म्हणतो "ओटीपी सांगा" आणि आपण सांगतो. आईचा ओटीपी मुलगा सांगतो, सासूचा सून सांगते. ओटीपी म्हणजे तुमची सही. तो दुसऱ्याने सांगितला तर ती संमती दुसऱ्याची झाली.


रापण
बुधवार, सकाळी ५.५५

सगळ्यांचा वाचलंय. आशाताईन जा लिवल्यान, तांडेलाक एकट्याक सांगूक गावला असता तर, ता रातभर डोक्यात रवला. आवशीक आता नव्वद वर्सां. तिका काय विचारीत नाय. पण आमच्या बोटीर आता नवीन पोरगो इलो काय मी तेका बाजूक घेवन विचारतंय, काय दुखणा आसा काय, माका एकट्याक सांग. आजच एकाक विचारलंय. तेना सांगितल्यान.


सुरंगी
शनिवार, संध्याकाळी ६.४५

धागा वर काढतेय. आज लॅबमध्ये जाऊन आले. सूक्ष्मदर्शककाकांनी सांगितलेलं कागदावर लिहून नेलं होतं, दोन प्रती. मालक आधी म्हणाले, "पण नंबर तर तुमच्याच माणसाने दिला." मी म्हटलं, मी समोर उभी होते, मला विचारायचं. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. काउंटरवरची मुलगी, तीच, उठून पाणी घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, मला कोणी सांगितलंच नव्हतं. एका प्रतीवर त्यांनी पोच दिली. नोंदवहीच्या नवीन पानावर तिने माझ्यासमोर पट्टीने एक रकाना आखला आणि वर लिहिलं, "पेशंटचा स्वतःचा नंबर". पासवर्डचं बघू म्हणाले. पुढच्या महिन्यात परत विचारायला जाणार आहे.

वैद्यकीय परिषदेकडे तक्रार सध्या करत नाही. सातबारा दादा, पोच जपून ठेवलीय.

दिरांशी बोलले. ते घाबरले, लगेच ग्रुपवरून काढतो म्हणाले, पण आता ते निघत नाही. ६३ फोनमध्ये आहे, आणि तिथून पुढे किती ते देवाला ठाऊक. त्यांनी स्वतःहून ग्रुपवर लिहिलं, की वहिनींना न विचारता टाकलं ते चुकलं, ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी कृपया काढावं. चौघांनी काढल्याचं कळवलं. शेजारची काकू मात्र आली होती. म्हणाली, माझ्या तोंडून तुला कळायला नको होतं गो. बराच वेळ बसली.

स्थळाकडून निरोप नाही. मुलगी म्हणते नकोच तसली माणसं. म्हणते, पण परवा रात्री जागीच होती.

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आहे. फॉर्म आजच आणलाय. नंबरच्या रकान्यात माझा नंबर मी आत्ताच घालून ठेवला, चष्मा लावून.